काकाएवढं पाणी

लोखंडाचा खिळा पाण्यात टाकला की बुडतो, मग लोखंडाचंच एवढं मोठं जहाज का बुडत नाही?

हा प्रश्न धाकट्याने चौथीत असताना बाईंना विचारला होता. बाई तेव्हा कविता पाठ करून घेत होत्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला वर्गाबाहेर उभं केलं. (प्रश्नात काही वावगं नव्हतं. तो फक्त बाकावर चढून, बाईंचं बोलणं मधेच तोडून विचारला होता.) घरी येऊन त्याने वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "तुला कुठे जहाज विकत घ्यायचंय?" मग तो थोरल्या भावाकडे गेला. थोरल्याला सगळं यायचं. पण त्याच्या हातात नेमकी सायकलची निसटलेली चेन होती. "रविवारी सांगतो," थोरला म्हणाला.

पुढे धाकट्याची शाळा सुटली. संध्याकाळची नव्हे, कायमची. दोघा भावांनी पंक्चर काढायचं दुकान टाकलं. थोरल्याचं लग्न झालं, मुलं झाली. ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधता शोधता धाकट्याला मधूनच आठवण व्हायची. "अरे, त्या जहाजाचं काय झालं?" "रविवारी," थोरला म्हणायचा, आणि दोघे हसायचे. मग गेल्या थंडीत थोरल्याला ताप भरला आणि तो दवाखान्यात गेला. त्याच्याबरोबर गेलेला जेवणाचा डबा तेवढा परत आला.

दुकानात अजूनही कोणी तरी विचारायचं, "थोरला कुठाय?" धाकटा "बाहेर गेलाय" म्हणायचा आणि टायर उतरवायला घ्यायचा. दुसरं काय म्हणायचं, ते त्याला सुचलं नव्हतं. त्याला स्वतःला लोक अजून धाकटाच म्हणत.

आता वरच्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत चार माणसं राहत होती. वहिनी कपड्यांच्या दुकानात मापं दुरुस्त करण्याचं काम करायची. पुतणी मिरी चौथीत होती. अंगाने बारीक आणि जिभेने तिखट, म्हणून मिरी. पुतण्या बंब्या शाळेत जेमतेम जायला लागला होता. तो गोल होता आणि पाणी प्यायल्यावर त्याच्या पोटातून आवाज यायचा. चौथा धाकटा. तो घरात होता म्हणून घर चालत होतं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. (वहिनीचं मत असं की तो घरात होता म्हणून कपबशांचा एकही संच पुरा नव्हता.)

आणि या घरावर एक संकट येऊ घातलं होतं. संकटाचं नाव मामा. मामा म्हणजे वहिनीचा मोठा भाऊ. कार्यालयात वरच्या हुद्द्यावर. माणूस सज्जन, नाव ठेवायला जागा नाही. रुमालाची घडी मोडू नये म्हणून घाम आला तरी पुसायचा नाही. थोरला गेल्यापासून त्याचं एकच म्हणणं होतं: वहिनीने मुलांना घेऊन त्याच्या गावी यावं. मागच्या खेपेला त्याने ते जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, आणि आत टॉवेल वाळत घालणाऱ्या धाकट्याने ते ऐकलं होतं.

"सगळं खरं गं," मामा म्हणाला होता, "पण मुलांचा अभ्यास कोण घेणार? तो? ट्यूबमध्ये हवा भरतो तशी मुलांच्या डोक्यात विद्या भरता येत नाही."

वहिनी त्यावर काही बोलली नव्हती. तिचं ते न बोलणं धाकट्याच्या मनात रुतून बसलं होतं.

त्या रविवारी मामा खाली घराच्या मालकीणबाईंकडे येणार होता. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या, तेवढं नक्की करून टाकायला. वहिनी दुपारपर्यंत कामावर. मुलं धाकट्याच्या हवाली.

सकाळी मिरी पुस्तक घेऊन बसली होती. बाप गेल्यापासून ती फार शहाण्यासारखी वागत होती, म्हणजे काहीही विचारत नव्हती. आधी तिच्या प्रश्नांनी शेजारीपाजारी दारं लावून घ्यायचे. आता सांगितलं तेवढं करायची, वाढलं तेवढं खायची. धाकट्याला ही शांतता ट्यूबमधून बारीक हवा जात असावी तशी वाटायची. बुडबुडा दिसत नाही, पण सकाळी चाक बसलेलं असतं.

"द्रवात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढा द्रव बाजूला सारते," मिरी पाठ करत होती. "द्रवात बुडालेली वस्तू आपल्या आकारमानाएवढा..."

"म्हणजे काय गं?" धाकट्याने विचारलं.

"माहीत नाही. उद्या बाई वर्गात करून दाखवायला सांगणार आहेत. काय तरंगतं, काय बुडतं." मग ती थांबली, पुस्तकाचं पान बोटाने गुंडाळलं आणि म्हणाली, "काका, खिळा बुडतो ना? मग लोखंडाचं जहाज का नाही बुडत?"

धाकट्याचा एक गाल करून झाला होता; हातातला वस्तरा तसाच राहिला. कित्येक महिन्यांनी मुलीने काहीतरी विचारलं होतं, आणि विचारलं ते नेमकं हे.

"रविवारी सांगतो," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"आज रविवारच आहे," मिरी म्हणाली.

धाकट्याने दुसऱ्या गालावरचा साबण पुसला आणि निर्णय घेतला. एवढासा निर्णय: मुलांना पाण्यात वस्तू टाकून दाखवायच्या. एखाद्या शहाण्या माणसाने बादली घेतली असती. पण धाकटा पंक्चरवाला होता. तो दुकानात गेला आणि ट्रकच्या ट्यूब तपासायचा, पिंप आडवं कापून केलेला मोठा टब डोक्यावर घेऊन जिना चढला. वाटेत मालकीणबाईंनी दार उघडलं.

"अरे पंक्चर, हे काय चाललंय?"

"अभ्यास, आजी."

"सांभाळून रे. माझं छत नाजूक आहे. त्या जुन्या पाइपाचं भोक अजून बुजवलं नाहीस तू."

"उद्या बुजवतो," धाकटा म्हणाला. (हे तो बऱ्याच दिवसांपासून म्हणत होता.)

टब बाहेरच्या खोलीत मधोमध ठेवला. बादल्यांवर बादल्या ओतल्या. बंब्याने अट घातली की काठोकाठ भरायचा, नाहीतर तो बघणार नाही. मग काठोकाठ भरला. पाण्यावर दुकानातल्या ग्रीसची इंद्रधनुष्यं पसरली.

"आता बघा," धाकटा बाह्या सरसावून म्हणाला. "सगळा खेळ हवेचा आहे. ज्याच्यात हवा, ते तरंगतं. ज्याच्यात नाही, ते बुडतं. विषय संपला."

त्याने एक फुगवलेली ट्यूब टाकली. तरंगली. हवा काढलेली टाकली. तीही तरंगली.

"हिच्यात तर हवा नाही," मिरी म्हणाली.

"उरली असेल कोपऱ्यात."

"ट्यूबला कोपरा कुठे असतो?"

धाकट्याने विषय बदलून स्वयंपाकघर गाठलं. लाटणं तरंगलं. झारा बुडाला. कढई टाकली तर ती होडीसारखी डौलात तरंगली, आणि बंब्याने तिच्यात बोट घालून ती वाकडी केली तेव्हा गुडगुड करत तळाला गेली. नवा साबण बुडाला आणि हळूहळू दिसेनासा व्हायला लागला. प्लास्टिकचा चमचा तरंगला. बटाटा बुडाला.

"त्याच्यात हवा भर," बंब्या म्हणाला.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण धाकट्याला एखादी गोष्ट सुचवली की ती त्याच्या हातून व्हायला लागायची, डोकं मागून यायचं. त्याने फुटबॉलची पिन बटाट्यात खुपसली, पायपंप लावला आणि जोर केला. फट्‌ असा आवाज झाला. बटाट्याचा एक भाग कपाटावर गेला, दुसरा बंब्याच्या कपाळाला लागून टबात पडला.

"अर्धा बटाटापण बुडतो," बंब्याने कपाळ चोळत जाहीर केलं.

आणि मिरी हसली. खुदकन, एकदाच. पण तेवढ्यावर धाकट्याला दहा हत्तींचं बळ आलं. आता घरातली प्रत्येक वस्तू पाण्यात जाणार होती. घड्याळाची पेटी, टेबलाचा निखळलेला पाय, वहिनीची कात्री, तिचा कापड मोजायचा लाकडी गज, दाराची कडी (ती आधीच निघालेली होती). मिरी प्रत्येक वेळी आधी सांगायची, "बुडेल," "तरंगेल," आणि बंब्या नेमकं उलट म्हणायचा. टबाचं पाणी थोडं सांडलं की बंब्या लगेच तांब्याने भरून पुन्हा काठोकाठ करायचा. अट म्हणजे अट.

"पण जहाजाचं?" मिरीने पुन्हा विचारलं. "कढई सरळ होती तेव्हा तरंगली, वाकडी झाली तेव्हा बुडाली. कढई तीच, लोखंड तेवढंच."

"एका कुशीवर वळलं की बुडतं," धाकटा म्हणाला.

"का?"

"मी पण झोपेत वळलो की खाटेवरून पडतो," तो म्हणाला. मिरीने ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून तिला हे उत्तर पुरलं नव्हतं हे उघड होतं. मामा खरं बोलला होता. धाकट्याला अभ्यास येत नव्हता. इतका वेळ त्याने नुसती खोली भिजवली होती.

मिरी आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात डबा होता.

दवाखान्यातून परत आलेला, थोरल्याचा स्टीलचा डबा. फडताळात वरच्या फळीवर असायचा. वहिनी तो रोज पुसायची, पण त्यात कोणी कधी काही भरलं नव्हतं.

"हा?" मिरीने विचारलं.

धाकट्याला नाही म्हणायचं होतं. तो "टाक" म्हणाला.

मिरीने झाकण घट्ट दाबलं आणि डबा दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला. डबा जरा डुलला आणि तरंगत राहिला. बंब्याने त्याला बोटाने खाली दाबलं. बोट काढल्यावर तो पुन्हा वर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा वर.

"बाबांचा डबा बुडत नाही," बंब्या म्हणाला.

मुलांसमोर रडायचं नाही असं धाकट्याने ठरवलेलं होतं आणि आजवर पाळलंही होतं. दुकानात डोळ्यांत जाणाऱ्या धुळीवर त्याची बरीच भिस्त असायची. इथे धूळ नव्हती. तोंड वळवावं तर दोन्ही बाजूंना एकेक मूल. तेव्हा त्याने जे पहिलं सुचलं ते केलं. पाण्यात बसलेल्या माणसाचं तोंड ओलं दिसलं तर कोणी काही विचारत नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि "आता काका बुडतो का बघू" असं म्हणून तो कपड्यांसकट टबात बसला. नुसता बसला नाही. डोक्यापर्यंत खाली गेला.

काठोकाठ भरलेल्या टबात अख्खा माणूस बसल्यावर काय होतं, हे पुस्तकात एका वाक्यात दिलेलं होतं. सकाळपासून ते पाठही झालं होतं. पण पाठ होणं वेगळं. पाणी चारी बाजूंनी उसळून बाहेर पडलं, खोलीभर पसरलं, बंब्याच्या घोट्यापर्यंत चढलं. त्यातलं अर्धं उंबरठा ओलांडून जिन्याने निघालं. राहिलेल्या अर्ध्याला जुन्या पाइपाचं भोक सापडलं.

खाली मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात, त्या भोकाच्या बरोबर खाली, मामा बसला होता. तो नुकताच म्हणाला होता, "तेव्हा महिनाअखेर खोल्या..." आणि ते वाक्य त्याला पुरं करता आलं नाही.

वर धाकटा पाण्याखाली मनसोक्त रडून घेत होता. (पाण्याखाली रडायला फार वेळ मिळत नाही, श्वास पुरत नाही.) तो वर आला तेव्हा टब अर्धा रिकामा होता, मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती आणि डबा गायब होता.

डबा लाटेबरोबर दाराबाहेर गेला होता. तो पायऱ्यांवरून ठणठण करत उतरला आणि अगदी खालच्या पायरीवर, कामावरून परत येणाऱ्या वहिनीच्या पायाशी जाऊन थांबला. वहिनीने तो उचलला. त्याच्यामागून आलेलं पाणी तिच्या चपलांवरून गेलं. मग ती डबा घेऊन वर चढू लागली. तेवढ्यात खालचं दार उघडून मामाही बाहेर आला. त्याचे केस कपाळाला चिकटले होते. खिशातला रुमाल मात्र अजून घडीतच होता. पाठोपाठ मालकीणबाई, हातात बादली.

सगळे दारात जमले. धाकटा टबात बसलेला, एका गालावर दाढी, दुसऱ्या गालावर नाही.

"भावोजी," वहिनी म्हणाली, "हे काय?"

"अभ्यास," धाकटा म्हणाला.

"असा?" मामाने विचारलं. "हा अभ्यास माझ्या डोक्यावर का पडला, तेवढं सांगा."

धाकटा टबाचा काठ धरून उठायला गेला आणि घसरून पुन्हा खाली बसला. पण मिरी पुढे आली होती. ती टबाकडे बघत होती, जमिनीकडे बघत होती, मामाच्या शर्टाकडे बघत होती.

"मामा, टब भरलेला होता," ती म्हणाली. "काका आत बसला. त्याला जागा पाहिजे, म्हणून तेवढं पाणी उठून बाहेर गेलं. जेवढा काका, तेवढंच पाणी."

"म्हणजे माझ्या अंगावर तुझा काका पडला म्हणायचा."

"मापाने अर्धाच. अर्धा जिन्यावर आहे." मिरी आता कोणाचं ऐकत नव्हती. "पण पाण्याला आपली जागा परत हवी असते. म्हणून ते खालून ढकलतं. डबा बोटाने दाबला तर कसा वर येत होता? आणि कढई. कढई सरळ असते तेव्हा पोकळ असते ना, ती खूप पाणी हटवते. हटवलेलं पाणी कढईपेक्षा जड, म्हणून पाणी जिंकतं. वाकडी झाली की पाणीच आत शिरतं, मग हटवणार काय? खिळा तर एवढासाच, एवढंसंच पाणी हटवतो. आणि जहाज..." ती थांबली. तिने धाकट्याकडे पाहिलं. "काका, जहाज म्हणजे मोठी कढई."

धाकटा टबात बसून होता. एवढं साधं होतं ते. इतकी वर्षं. थोरल्याला हे ऐकवायला हवं होतं. त्याला दुकानाकडे पळत जावंसं वाटलं, आणि मग आठवलं, आणि त्याने पुन्हा एकदा तोंडावर पाणी मारून घेतलं.

"काका बुडला पण," बंब्याने माहिती पुरवली. "काकाच्यात हवा नाही."

वहिनी हसायला लागली. डबा छातीशी धरून, दाराच्या चौकटीला टेकून ती हसत राहिली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्या दिवशी त्या घरात पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हतं.

"दादा," ती शेवटी मामाला म्हणाली, "तू विचारत होतास ना, अभ्यास कोण घेणार?"

"अगं, पण ही काय पद्धत झाली?"

"ही परत बोलायला लागली. प्रश्न विचारायला लागली. मला दुसरी पद्धत माहीत नाही."

मामाने मिरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टाकडे. त्याला अजून काही म्हणायचं होतं, पण मालकीणबाईंनी बादली आपटली.

"तुमचं काय ते ठरवा," त्या म्हणाल्या, "पण एक ऐकून ठेवा. माझं छत सुकून, दुरुस्त होऊन, रंगवून हातात मिळाल्याशिवाय या खोल्या सोडता येणार नाहीत. कोणालाच."

"रंगारी आजच बोलावतो," मामा म्हणाला.

"रंगारी नको. ज्याने भिजवलं तोच रंगवेल. हा पंक्चर."

"अहो, याला ते कधी जमणार?"

"हं," मालकीणबाई म्हणाल्या, आणि बादली घेऊन खाली निघून गेल्या.

मामाने बहिणीकडे पाहिलं. ती डबा पुसत होती. त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली आणि प्रथमच तोंड पुसलं. "निदान कोरडा शर्ट तरी द्या," तो म्हणाला. धाकट्याने आपला दिला. तो मामाला पोटावर पुरला नाही, पण संध्याकाळपर्यंत मामाने तो अंगावर ठेवला, आणि जाताना बंब्याला विचारलं, "अंडं बुडतं का रे?" (बंब्याने लगेच तपासून दाखवलं. अंडं बुडतं. पडलं की फुटतंही.)

वहिनीने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्यात धाकट्याचं जेवण भरलं. नुसता डबा समोर ठेवला.

शाळेत टब कोण नेणार, हा प्रश्नच नव्हता. धाकट्याने तो डोक्यावर घेतला, एका हातात डबा, दुसऱ्या हाताला बंब्या, पुढे मिरी. वर्ग तोच होता. बाईही त्याच होत्या. चष्मा तेवढा जाड झाला होता. त्यांनी धाकट्याला मागे भिंतीशी उभं राहायला सांगितलं. मिरीने खिळा बुडवला, कढई तरंगवली, मग कढई वाकडी करून बुडवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "आता मला सांगा, खिळा बुडतो, मग लोखंडाचं एवढं मोठं जहाज का बुड..."

"हटवलेलं पाणी जड असतं, बाई," मागून धाकटा ओरडला. "जहाज म्हणजे मोठी कढई."

वर्ग मागे वळला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तू का तो," त्या म्हणाल्या. "अजून बोलणं मधेच तोडतोस. बाहेर उभा राहा."

धाकटा बाहेर जाऊन उभा राहिला. भिंत तीच होती. आतून मिरीचा आवाज येत होता, ती तेच उत्तर नीट, हात वर करून, सावकाश सांगत होती, आणि कोणीतरी विचारत होतं, "मग पाणबुडीचं काय?" त्याने डबा उघडून जेवून घेतलं, झाकण घट्ट लावलं आणि तो बाईंनी आत बोलवायची वाट पाहत राहिला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलांना घ्यायला सगळ्या पालकांच्या आधी धाकटा हजर होता. बाई त्याला आत बोलवायला विसरल्या होत्या.